लाइनीचा बांध

चाकणच्या बाजूला बबनरावांच्या गावी टेकडीवर एक जुनी दगडखाण आहे. ती चालू होती तेव्हा दगडाच्या ट्रॉल्या रुळांवरून ढकलत सडकेपर्यंत आणायचे. खाण बंद पडली. रूळ कुणाच्या गोठ्याला तुळया म्हणून लागले, कुणी भंगारात घातले. खालचे दगडी ठोकळे तिथंच राहिले आणि टेकडीची माती वाहून येऊन त्यांच्यावर चढत गेली. बबनराव आणि त्यांचा चुलतभाऊ अर्जुनराव यांच्या रानांमध्ये तोच बांध झाला. गाव त्याला लाइनीचा बांध म्हणायचं.

बांध आला की भावकी आली, आणि भावकी आली की भांडण ठरलेलं. अर्जुन बांध कोरतो, हे बबनरावांच्या डोक्यात एकदा बसलं ते बसलंच. डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं, पण भावकीतला माणूस बांध कोरणारच, त्यात पाहायचं काय? मोजणी आणून घरची अब्रू चावडीवर मांडायची नाही, असं थोरल्यांनी बजावलेलं. मग बबनरावांनी सोपा मार्ग काढला. त्यानं घेतलं असणार तेवढं आपण परत घ्यायचं. दर पेरणीला नांगराचं एक तास, एक चर, पलीकडं.

असं करता करता बांध दिसेनासा झाला, आणि बबनरावांनी आपल्या शेवटच्या तासावर तारेचं कुंपण ठोकलं. आपण बांधाला हात लावला नाही, एवढंच अर्जुनराव तेव्हा म्हणाले. चोर दुसरं काय म्हणणार! त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं.

बबनरावांची मुलगी तनुजा ताथवड्याच्या कॉलेजात शिकवते. तिनं पंचायतीच्या मागे लागून खाणीची लाइन चालायची वाट म्हणून जपायचं ठरवून घेतलं. खाणीच्या तळ्यापासून सडकेपर्यंत लोकांनी चालत यावं, गावच्या माणसांनी कशा ट्रॉल्या ढकलल्या ते पोरासोरांना कळावं, असं तिच्या मनात होतं. बाकी सगळी लाइन सापडली. हरवली होती ती या दोन रानांपाशीच.

खणायला बबनरावांनी तनुजाच्या तोंडातून शब्द पडायच्या आत होकार दिला. जुन्या वाटेचं त्यांना फारसं कौतुक नव्हतं. लाइन सापडली की चोर सापडणार होता. अर्जुनरावांनीही लगेच हो म्हटलं, याचं मात्र त्यांना नवल वाटलं.

माघातल्या एका सकाळी खणायला सुरुवात झाली. निम्मं गाव बघायला जमलं होतं. अर्जुनरावांचं रान बटाटा निघून मोकळं पडलेलं, तेव्हा बबनरावांनी तिथलीच जागा दाखवली. नुसती काळी माती निघाली. आणखी आत खणलं, तरी तेच. मग तनुजानं टेकडीकडचा शेवटचा ठोकळा आणि सडकेकडचा पहिला ठोकळा यांच्यात दोरी ताणली. दोरी पडली ती कुंपणाच्या अलीकडं, बबनरावांच्या कांद्यावर.

दोरी चुकली म्हणत बबनरावांनी स्वतःच कुदळ उचलली. जरा खोल गेल्यावर कुदळ खणकन वाजली. गंजक्या खिळ्यासकट दगडी ठोकळा वर आला. पुढे त्याच रेषेत दुसरा निघाला.

बबनरावांनी ठोकळ्याकडं पाहिलं, मग दूरच्या कुंपणाकडं. मधले वाफेच्या वाफे त्यांच्याच नांगरानं अर्जुनच्या रानातून कापलेले होते. अर्जुननं कधी एक ढेकूळही हलवलं नव्हतं. चोर सापडला होता. बबनरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता अर्जुन चारचौघांत बोलणार, आणि त्यानं बोलावंच, असंही त्यांना वाटून गेलं.

अर्जुनराव तार वाकवून आत आले. वाकून त्यांनी कांद्याची पात चाचपली आणि तनुजाला म्हणाले, "कांदं निघूस्तवर वाट थांबव, पोरी. दादाचं पीक वाया जायला नगं."

बबनरावांनी गड्याकडून पक्कड मागून घेतली आणि कुंपणाची तार सोडायला खाली बसले.

"अर्जुना," मान वर न करता ते म्हणाले, "ठोकळ्याच्या पल्याडचं कांदं तूच काढ. ती जमीन तुजी हाय."