टोस्टचा लायल

कुरामिन गावात टोस्ट करपला असं कोणी म्हणत नाही, टोस्टचा लायल झाला म्हणतात. केकचा लायल होतो, सॉसेजचा होतो. एकदा तर खुद्द पाद्रीबाबांनी भर चर्चमध्ये सांगितलं, इस्त्री करताना झग्याचा लायल झाला म्हणून. ज्याच्या नावानं हे सगळं चाललंय तो लायल हॅनफर्ड सत्तरीचा, धडधाकट, चारचौघांत हसून घेतो. न हसून करतो काय?

पन्नास वर्षांपूर्वी गावचा जुना हॉल जळाला. नाचाच्या दिवशी चहाच्या पाण्याचा बंब पेटवायचं काम लायलकडे होतं. हॉलची राख झाली आणि गावानं ठरवून टाकलं, बंबातला निखारा उडाला असणार. चौकशी नाही, काही नाही. माणसं वाईट नव्हती हो. नवा हॉल बांधताना त्यालाही हाताशी घेतलं, फुटबॉलच्या संघातही ठेवलं. पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

खरं काय ते व्हर्ना पॅस्कोला ठाऊक होतं. हॉलचे सेक्रेटरी म्हणजे तिचे वडील. नाचाच्या त्या दिवशी त्यांनी पेटता पाइप कोटाच्या खिशात टाकला आणि कोट खुंटीला अडकवला, गावच्या आणखी तीसेक कोटांच्या रांगेत. मरताना त्यांनी हे मुलीला सांगितलं. त्यालाही आता तीस वर्षं झाली. तीस वर्षं बाई गप्प. नुसती गप्प कसली, तिनं स्वतः शंभरदा टोस्टचा लायल म्हटलं असेल.

आता गावाला सव्वाशे वर्षं झाली, आणि इतिहास लिहायचं काम समितीनं नेमकं व्हर्नाला दिलं. चाळीस वर्षं शाळेत शिकवलेली, अक्षर मोत्यासारखं. गोरी माणसं यायच्या कितीतरी आधीपासून इथं राहणाऱ्यांना तिनं पहिलं प्रकरण दिलं, त्यावर दोघं-तिघं कुरकुरले, तिनं लक्ष दिलं नाही. गावात आधी चर्च आलं की गुत्ता यावरून समितीत तट पडले, तेव्हा दोन्ही एकाच दिवशी उघडल्याचं ठोकून दिलं. आगीच्या पानावर मात्र पेन अडलं. नव्या हॉलच्या दारावर तिच्या वडिलांचं नाव होतं. तीन आठवडे ती कोऱ्या पानाकडे बघत बसली आणि शेवटी एका सकाळी, चहासुद्धा न घेता, सगळं जसंच्या तसं लिहून मोकळी झाली.

समारंभाच्या शनिवारी रिवाजाप्रमाणे बायकांनी घरून ताटं भरून आणली, आणि हॉलमध्ये व्हर्नानं ते पान वाचलं. मग अध्यक्ष नेव्हिलनं घाईघाईनं चहा तयार असल्याचं जाहीर केलं, आणि लोकांनी लायलला गराडाच घातला. कोणी पाठ थोपटली, कोणी म्हणालं, आजपासून टोस्टचा पॅस्को म्हणायचं. सगळे हसले. व्हर्नाही हसली. इतकं हलकं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

गर्दी पांगल्यावर लायल कप घेऊन तिच्याशेजारी येऊन बसला.

"चांगलं वाचलंस."

"माफ कर मला, लायल."

"माझं काय गं, मला सवय झाली. पण आईनं त्या दिवसानंतर या हॉलमध्ये पाऊल टाकलं नाही. केक करायची ती दर समारंभाला. आम्हीच घरी खायचो." त्यानं कपातला चहा ढवळला. "तुझे वडील कधी गेले?"

व्हर्नानं साल सांगितलं.

"आई त्यानंतर सात वर्षं होती, व्हर्ना."

पुस्तकातली एकेक तारीख तिनं तीन-तीनदा तपासली होती. या दोन तारखा तिनं कधी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. लायलनं कप खाली ठेवला, कागद घे म्हणाला, आणि तिला आपल्या पिकअपमध्ये बसवून धान्याच्या कोठारांपलीकडच्या दफनभूमीत घेऊन गेला.

आईच्या थडग्यापाशी त्यानं टोपी काढली. व्हर्नानं आगीचं पान काढून वाचायला सुरुवात केली, पण अगदी हलक्या आवाजात.

"मोठ्यानं वाच," लायल म्हणाला. "शेवटी शेवटी तिला ऐकू येत नव्हतं."

व्हर्नानं डोळे पुसले आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.