मायनरमधली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी खुर्ची आहे. दवाखान्यातल्या मोठ्या ऑपरेशन टेबलासाठी पाइप कापले, त्यातून उरलेल्या तुकड्यांपासून वेल्डरने मला बनवलं. उजवा हात तेवढा रुंद दिला, रुग्णाचा हात ठेवून टाके घालता यावेत म्हणून. त्यावर उठावाच्या अक्षरांची पत्र्याची पट्टी ठोकली: 'मायनर'. म्हणजे छोट्या शस्त्रक्रियांची खोली. झालं, जन्मतःच आमची पायरी ठरली!

पण हा शब्द मोठा बहुरूपी हो. कारकून म्हणायचे, पोरगं मायनर आहे, आईबापाची सही आणा. गिटार वाजवणारा कंपाउंडर सांगायचा, मायनर स्केलमधली गाणीच काळजाला हात घालतात. आणि माझा पाय डुगडुगू लागला तेव्हा सगळे म्हणाले, मायनर आहे, नंतर बघू. ते 'नंतर' काही उजाडलं नाही. मला राग यायचा, अजूनही येतो.

आमच्या डॉक्टरबाईंची मात्र एक रीत होती. सुई हातात घेण्याआधी त्या प्रत्येकाला विचारायच्या, या हाताने तुम्ही काय करता? बाहेरची रांग कुरकुरायची, बाई ढिम्म.

एकदा एक आजोबा आले. उतारवयात दृष्टी गेलेली. डब्याच्या पत्र्याने तर्जनीचं टोक चिरलं होतं. सुनेने परस्पर सांगून टाकलं, किरकोळ आहे, पटकन दोन टाके घाला. आजोबांनीही मान डोलावली. बाईंनी तरी विचारलंच.

आजोबांनी चिरलेलं बोट पुढे केलं. मग म्हणाले, "या बोटानं वाचतो. ब्रेलची, ठिपक्यांची पुस्तकं. दुसरी बोटं अडखळतात हो."

सून चपापली. बाईंनी हातातला दोरा बाजूला ठेवला, सगळ्यात बारीक मागवला, डोळ्यांना भिंग लावलं आणि जीव ओतून टाके घातले. मी हलू नये म्हणून सिस्टर माझ्या डुगडुगत्या पायाला आपला पाय टेकवून उभ्या राहिल्या. इतकी निश्चल मी कधी बसले नव्हते. भीतीच तेवढी वाटत होती.

जखम भरल्यावर आजोबा पुन्हा येऊन बसले. टाके निघाले. बोटाला आता ठिपके कळतील की नाही, सगळ्यांना हीच धास्ती. आजोबांनी माझा हात चाचपला. तेच बोट पत्र्याच्या पट्टीवर आलं, थांबलं, मग हळूहळू सरकू लागलं.

"मा... य... न... र."

सून तिथेच रडू लागली. आजोबा मात्र पुन्हापुन्हा तेच वाचत राहिले.

मित्रांनो, कशालाही किरकोळ म्हणण्याआधी, ते ज्याचं आहे त्याला एकदा विचारत जा. आणि हो, माझा पाय अजून डुगडुगतोय.