बावीस तासांचं पाणी

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी ला सेहा गावात पाट साफ करतात. प्रत्येक घरचा एक माणूस फावडं घेऊन येतो आणि शेजाऱ्याच्या वाट्याला आलेली माती आपल्यापेक्षा मऊ कशी, यावर दिवसभर बोलतो.

पाटकरी एस्किपुला लोवातो बांधावर उभा होता. कुणाची पाळी कधी, कुणाच्या शेताचं पाण्याचं दार किती वेळ उघडं, हे गेली एकोणीस वर्षं तो ठरवत आला होता. त्याचा कुणावर विश्वास नव्हता, आणि पाटकऱ्याला तो परवडतही नाही. तेवढ्यात खाणीची पांढरी गाडी आली.

खाण कंपनीचा ट्रेंट बॅस्कम डोनटचे चार खोके घेऊन उतरला.

"फुकट आहेत?" एउसेबिया माएसनं विचारलं. ही गावातली सगळ्यात म्हातारी विधवा, आणि सगळ्यात वाईट तोंडाची.

"फुकट, मावशी."

"मग मेलं कोण?"

बॅस्कमच्या मागून एक उंच बाई उतरली. लोरेन हॅल्स्टेड. पाण्याची किंमत ठरवायला सरकारनं पाठवलेली. ती कंपनीच्या गाडीतून आली हे एस्किपुलानं पाहिलं आणि मनात नोंदवलं. तिनं डोनट घेतला नाही, तेव्हा त्याचा संशय आणखी वाढला.

प्रकरण असं होतं. डोंगरावरची तांब्याची खाण एक ना एक दिवस बंद होणार. तिचा खड्डा आणि विषारी गाळाचा ढीग निस्तरायला कंपनीनं सरकारकडं एक कोटी दहा लाख डॉलर ठेवले होते. आता कंपनीला ते परत हवे होते. बदल्यात तारण काय, तर कंपनीनं गावात घेतलेल्या सात नंबरच्या शेताचा पाण्याचा हक्क. आठवड्याला बावीस तास. बाईनं त्याची तेवढी किंमत लिहिली की पैसे सुटले. उद्या कंपनी पळाली तर सरकारच्या हातात कागद, आणि गाळाची वाट उताराला. उताराला पहिली जमीन एस्किपुलाची.

एकच आशा होती. चार वर्षं वापरलं नाही तर पाण्याचा हक्क डळमळतो, असा कायदा आहे.

सगळे सात नंबरवर गेले. शेतात लसूणघास हिरवागार डुलत होता.

"सहा वर्षांपासून आहे," बॅस्कम म्हणाला.

बाईनं खाली बसून एक रोप उपटलं. मूळ बोटाएवढं. "सहा वर्षांच्या घासाचं मूळ माझ्या उंचीचं असतं, मिस्टर बॅस्कम."

"ही नवी जात आहे. मुळं आखूडच."

"अक्कल पण आखूडच का हिची?" एउसेबिया पुटपुटली.

बॅस्कम ढळला नाही. "पाटकऱ्याची वही बघा की. कंपनीचा कुणी नाही तो."

एस्किपुलानं वही दुसऱ्यांदा मागितल्यावर काढली. वहीत सहा वर्षं दर आठवड्याला त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: सात नंबर, बावीस तास, पाणी घेतलं. बाईनं पानं उलटली, मग चष्म्यावरून त्याच्याकडं बघितलं.

"हे खरं आहे?"

इकडं आड, तिकडं विहीर. खरं म्हणावं तर तारणाचे पैसे कंपनीला गेले. खोटं म्हणावं तर सहा वर्षं पाणी गेलं कुठं, हे सांगावं लागणार.

"पाणी घेतलं हे खरं," तो म्हणाला. "कंपनीनं नाही घेतलं. त्यांचा माणूस कधी दार धरायलाच आला नाही. ते वाया जाऊ नये म्हणून मी माझ्या मिरचीला वळवायचो. आठवड्याला सात तास."

"म्हणजे चोरी," बॅस्कम हसत म्हणाला. "आणि उरलेले पंधरा? ते आम्हीच घेतले. वही तसंच सांगते."

आता कुणी बोललं नाही तर सात तासांची चोरी एस्किपुलाच्या गळ्यात आणि पंधरा तासांचा हक्क कंपनीच्या खिशात. त्यानं गावाकडं पाहिलं. गाव फावड्यांकडं बघत होतं. ही माणसं आपल्याला बुडवणार, याची त्याला खात्री पटली.

"मी नऊ घेतले," फिदेन्सिओ चावेस म्हणाला. हा एस्किपुलाचा व्याही, आणि रविवारी चर्चमध्ये थाळी फिरवणारा.

"नऊ? आणि मला दुष्काळ आहे म्हणून सांगत होतास," एउसेबिया म्हणाली. "बाई, लिहा. माझे अकरा."

मग कुणालाच मागं राहवेना. आठ, सहा. काल थेंबही घेतला नाही अशी शपथ घेणारे आज तासांवर हक्क सांगायला लागले. बाईनं सगळ्यांच्या सह्या घेतल्या आणि बेरीज केली.

"एक्केचाळीस," ती म्हणाली. "बावीस तासांतून एक्केचाळीस तास चोरले तुम्ही?"

 मग माणसं हळूहळू एकमेकांकडं बघू लागली.

"कोम्पाद्रे," फिदेन्सिओ व्याह्याला अगदी मायेनं म्हणाला, "वरचे एकोणीस कुणाच्या पाळीतले होते रे?"

"माझ्यापुरते बावीस पुरेत," बाई म्हणाली. "कंपनीनं पाणी वापरलं असं मी लिहू शकत नाही. हक्कच वादात, म्हणून तारणाची किंमत शून्य. पैसे सरकारकडंच राहतील." बॅस्कम हसायचा थांबला आणि गाडीत जाऊन बसला. "आणि वाद मिटेपर्यंत सात नंबरच्या दाराला सरकारी कुलूप."

एस्किपुलाला आधी सुटका वाटली. कुलूप त्याच्या डोक्यात जरा उशिरा शिरलं.

त्या वर्षी त्याची मिरची करंगळीएवढीच आली. गाळ मात्र डोंगरावरच राहिला, आणि त्याची राखण करायला एक कोटी दहा लाख. रोज संध्याकाळी तो कुलूप जाग्यावर आहे ना बघायला जायचा. तिथं फिदेन्सिओ असायचा, एउसेबिया असायची, आणखी दोघंतिघं असायची. सगळे म्हणायचे, सहज फिरायला आलो. आणि आधी घरी जायला कुणीच तयार नसायचं.