क्रोम चढवलेली फ्रेम

वाउटर्सने मोटरसायकलवरची चादर ओढली तशी जमलेली मंडळी "वाहवा!" करून ओरडली, आणि सिरिलला शिसारी आली.

ही गाडी त्याने स्वतःच्या हातांनी बांधली होती. ओमेरने तरुणपणी लोमेलच्या वाळूतल्या शर्यतीत जगज्जेतेपद मारलं ते हिच्यावर, आणि तेव्हा कारखान्याने ओमेरसाठी नेमलेला मेकॅनिक म्हणजे सिरिल. गाडीला रूपडं कसलं, वजन उतरवायचं एवढाच ध्यास! फ्रेमच्या नळ्या पातळ, बोल्टांची डोकी कानशीने घासलेली, ब्रेकच्या दांडीला भोकंच भोकं. रंगालाही वजन असतं म्हणून एकच हात मारलेला. मॅग्नेशियमचं इंजिन दमट हवेत कुजतं, म्हणून त्यावर कळकट तपकिरी लेप. असली फ्रेम जेमतेम दोन-चार शर्यती टिकायची, मग भंगारात. शेवटच्या शर्यतीची ही तेवढी मागे राहिली आणि नेमकी वाउटर्सच्या तावडीत सापडली.

वाउटर्सचा धंदा न्हाणीघराच्या नळांचा. गड्याने गाडीलाही नळच करून टाकलं होतं. लेप खरवडून इंजिन आरशासारखं घासलेलं, भोकं विद्रूप दिसतात म्हणून बुजवलेली, आणि फ्रेमला क्रोम! सिरिलला त्या चकाकीत स्वतःचं थोबाड दिसलं, तेही त्याला बघवेना.

"काय सिरिलदादा, ओळखली का?" वाउटर्स म्हणाला.

"नाही. हिला मढवून ठेवलंय तुम्ही. क्रोमच्या आधी आम्लात बुडवली असेल ना?"

"अहो, बुडवावीच लागते."

"नळाला चालतं ते. एवढं पातळ पोलाद त्याने ठिसूळ होतं. ही बघा, हँडलखाली, फ्रेमच्या मानेपाशी चीर."

वाउटर्सने वाकून पाहिलं. केसाएवढी रेघ होती. "वरचा मुलामा तडकलाय हो. उगाच अपशकुन करू नका, लोक तिकिटं काढून आलेत." एवढं बोलून तो माइककडे पळाला.

ओमेर तंबूमागे बूट चढवत होता. जुन्या जर्सीतून पोट बाहेर आलेलं. एक फेरी मारायची होती त्याला, मधल्या उंचवट्यावरच्या मोठ्या उडीसकट. सिरिलने त्याला चिरेचं सांगितलं.

"ठाऊक आहे. सकाळीच पाहिली," ओमेर खाली बघतच म्हणाला.

"आणि तरी बसणार? उडीवरून खाली येताना मान तुटेल. गाडीची आणि तुझीही!"

"तुला काय कळणार! तुला कधी कुणी टाळ्या वाजवल्या? बायको गेल्यापासून घरात माझं नाव घेणारं कुणी नाही. ऐक, बाहेर घेतायत."

बाहेर खरंच त्याच्या नावाचा गजर चालला होता. तळणीचा वास, बिअर, आणि ती लाचार आशा म्हाताऱ्याच्या तोंडावर. सिरिलला या सगळ्याचा उबग आला, आणि सगळ्यात जास्त ओमेरचा.

सुरुवातीच्या रेषेवर स्वार येईपर्यंत गाडी मेकॅनिकने धरायची, ही तिथली जुनी रीत. वाउटर्सनेही हौसेने सिरिललाच धरायला लावली. लोक ओमेरकडे बघत होते. सिरिलने टाकीचं झाकण उघडलं, पायाखालची वाळू ओंजळभर आत सोडली आणि झाकण लावलं. आयुष्यात या गाडीत धुळीचा कण जाऊ दिला नव्हता त्याने.

इंजिन पहिल्याच लाथेला सुरू झालं. ओमेर सुटला, टाळ्यांचा कडकडाट झाला. मग वाळूने पेट्रोलची वाट बुजली. गाडी खोकली, गचके खाऊ लागली आणि उडीच्या पायथ्याशी थांबली. टाळ्या थांबल्या. कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले.

ओमेर गाडी ढकलत परत आला. वाउटर्सने झाकण उघडून आत बोट घातलं आणि डोक्याला हात लावला. ओमेरला विचारायची गरज पडली नाही. तो सिरिलसमोर उभा राहिला, डोळे भरलेले.

"हसले रे मला," तो म्हणाला. "त्या उडीपर्यंत तरी जाऊ द्यायचं होतंस."

"तिथवरच गेला असतास."

"मग जाऊ द्यायचं होतंस," ओमेर म्हणाला, आणि त्याच्या बुटांपाशी थुंकून निघून गेला.