स्वतःचं मत

सैन्यातून सुटल्यावर मी आणि सार्जंट हॅस्केट, दोघांनी टेक्सासच्या एका कॉलेजात व्यवस्थापनाच्या पदवीला नाव घातलं. पहिल्याच तासाला पोरगेल्याशा प्राध्यापिकाबाई म्हणाल्या, "तुमच्या एखाद्या साहेबाच्या निर्णयावर स्वतःचं मत लिहा."

हॅस्केट ताडकन उठून सावधानमध्ये उभा राहिला. "मॅडम, मत काय लिहायचं?"

"तुमचं असेल ते."

"हो मॅडम! पण ते काय असायला हवं?"

वर्ग खो खो हसला. मी म्हटलं, "बस रे बाबा, इथे कोर्ट मार्शल नाही होत!"

मग गडी जो लिहायला बसला, तो मान वर करेना. तास संपला. बाई म्हणाल्या, "पुरे आता, पेन खाली ठेवा."

"नाही, मॅडम."

वीस वर्षं एका पलटणीत काढली, पण त्याच्या तोंडून 'नाही' मी पहिल्यांदाच ऐकलं.