आमसुलाने घासलेली तारा

शरफुन्निसा कामाला वाघ, पण रिकामी बसली की तिचे हात शिवशिवायचे. आणि लढाई सुरू झाल्यापासून आखातातल्या अल-खोबरच्या फ्लॅटमध्ये रिकामं बसण्यावाचून होतं काय? खिडक्यांना टेप, शाळा बंद, भोंगा झाला की पोरांना घेऊन बाथरूम गाठायचं.

तांदळाच्या पिंपात रत्नमानची तारादेवी, बौद्धांच्या देवीची मूर्ती, लपवलेली होती. रत्नमान शाक्य नेपाळचा, तिच्या नवऱ्याबरोबर, वहाबबरोबर, एसीच्या वर्कशॉपमध्ये कामाला. त्याला उत्तरेकडे सैन्याच्या तळावर धाडलं. तिथे सामान तपासायचे, मूर्ती सापडली की इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, खलास. म्हणून ती वीतभर देवी तो इथे ठेवून गेला. त्याच्याच घराण्यातल्या कुणीतरी सहा-सातशे वर्षांपूर्वी तांब्यात ओतून तिला सोन्याचा मुलामा दिला होता.

"मूर्ती घरात? मग नमाज कुठे पढू मी?" शरफुन्निसा तेव्हा म्हणाली होती.

"अगो, अमानत हाय ती," वहाब म्हणाला. विश्वासाने सोपवलेली ठेव म्हटल्यावर तिने देवी फडक्यात गुंडाळून तांदळात खुपसली.

एका दुपारी तांदूळ काढताना फडकं सुटलं. देवीच्या पायाशी तांबं काळं पडलेलं, तोंडावर पिवळट पुटं चढलेली. रत्नागिरीला तिच्या माहेरी काळं तांबं कुणी खपवून घेतलं नसतं. तिने आमसूल भिजवलं, मीठ घेतलं आणि देवी लख्ख घासली. अंगाचं सोनं जागचं हललं नाही. चेहरा मात्र खालून लालसर, कोवळा निघाला. नाकडोळे काय सुबक होते. तिला फार बरं वाटलं.

लढाई संपली, रत्नमान आला. फडकं उलगडलं आणि त्याने देवीच्या तोंडावरून बोट फिरवलं.

"आमच्यात देवीच्या तोंडाला सोनं वाटून लावतात, भाभी," तो हिंदीत म्हणाला. "मी इकडे निघालो तेव्हा आईने लावलं होतं. लढाईत मी तळावर अडकलो आणि तिकडे आई वारली."

शरफुन्निसाने देवीच्या त्या कोवळ्या तोंडाकडे पाहिलं. सांभाळायला दिलेली वस्तू, आणि आपण तिच्यावरून त्याच्या आईचा हात पुसून टाकला. वहाब सारवासारव करू लागला, तशी ती म्हणाली, "तुम्ही गप रवा." तिने एका कानातली सोन्याची बाळी काढली आणि रत्नमानच्या हातावर ठेवली.

"ही वाटून लाव."

तो गोंधळला. "भाभी, मूर्तीसाठी? तुम्हाला चालेल?"

"मूर्तीला कोण देतंय? तुझ्या आईला देते मी," ती म्हणाली, आणि दुसऱ्या कानातली बाळी काढायला लागली.