विवाहिता, राहणार अभनपूर

रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या बाबारावांनी रेल्वेची नोकरी सांभाळून तीस वर्षं नागपूरच्या एका साप्ताहिकाला तिथल्या बातम्या पाठवल्या. मराठी मंडळाच्या स्मरणिकेसाठी त्यांची कात्रणं वहीत चिकटवायचं काम त्यांच्या मुलीकडे, राधिकाकडे आलं होतं. ती अभनपूरच्या सासरहून येऊन एकोणीस दिवस झाले होते. डाव्या मनगटावरची भाजल्याची जखम अजून ओली होती. नवऱ्याने तापलेला तवा टेकवला होता.

"बाबा, तुमच्या या बातम्यांत एक्केचाळीस बाया जळून मेल्या. नवऱ्याचं नाव आहे, सासऱ्याचं आहे, स्टोव्हची कंपनीही आहे. बाईच्या जागी प्रत्येक वेळी फक्त 'विवाहिता'. काहून?"

"लोकायची अब्रू असते, बेटा," बाबाराव अभिमानाने म्हणाले. "कोणाच्या लेकीचं नाव मी कधी पेपरात येऊ दिलं नाही."

"चोरीला गेलेल्या म्हशीचं तर दिलं. चंद्री."

बाबाराव हसले. या माणसाने आयुष्यात कुणावर हात उगारला नव्हता. मुलीला परत पाठवायचं मात्र सकाळीच ठरवलं होतं.

"जवाई चार वाजता येऊन राहिले," आई वनमालाबाई आतून म्हणाल्या. "पाऱ्यातल्या बाया रोज विचारतात मले, पोट्टी कधी जाणार म्हणून. काय सांगू?"

"हात दाखव त्यायले."

"तोंड आवर. निरंजनराव माफी मागतो म्हणाले ना फोनवर?"

"तिसऱ्यांदा, आई."

राधिकाने कोरा कागद ओढला, चार ओळी लिहिल्या आणि वडिलांपुढे ठेवला.

"माही बातमी आजच लिहून ठेवली. मागून तुम्हाले त्रास नको."

बाबारावांनी चष्मा चढवला. 'राधिका, वय सव्वीस, एम.कॉम., राहणार अभनपूर, हिचा जळून मृत्यू. मनगट आधीच भाजलेलं होतं. वडिलांनी तिला परत पाठवलं होतं.'

"असं अभद्र काहून लिहितं?" त्यांनी कागद घाईने उलटा केला. "कोणाच्या हाती लागलं तर?"

"मग ठेवून घ्या मले."

त्यांनी दाराकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. मग कागद सुलटा करून खिशातलं पेन काढलं, राधिकाचं नाव खोडलं आणि वर बारीक, वळणदार अक्षरात लिहिलं, 'विवाहिता'.

शेवटच्या वाक्यावर पेन थांबलं. बाहेर मोटारसायकलचा हॉर्न वाजला. वनमालाबाईंनी राधिकाची बॅग उचलली.